नॅनोरायमो मराठीत करून बघितलं: ५०,००० शब्दांचं चॅलेंज, दोन नोव्हेंबर आणि एक लाँगबुक

रोज लिहायचं चॅलेंज घ्यावं का, पैसे भरून घ्यावं की फुकट, एकटीने की ग्रुपमध्ये, असं गेल्या महिन्याभरात तीन-चार जणींनी विचारलं, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकावं. माझं तीनदा करून झालंय. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये नॅनोरायमो, २०२४मध्ये एक पैसे भरून व्हॉट्सॲप ग्रुपवालं आणि २०२५मध्ये आम्ही तिघी मैत्रिणींनी आपलं आपण ठरवून केलेलं. मी मिरजेची, बँकेत नोकरी, घरात सासूबाई, नवरा आणि सातवीतली मुलगी. घरचं सांगतेय कारण असल्या चॅलेंजचा रिव्ह्यू वाचताना लिहिणारीच्या घरात सकाळी डबे किती भरायचे असतात हे कळल्याशिवाय काहीच अंदाज येत नाही, निदान मला तरी येत नव्हता.

आधी नॅनोरायमो म्हणजे काय ते. नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ, नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्दांच्या कादंबरीचा कच्चा खर्डा लिहायचा, बस, नियम एवढाच. चांगलं लिहा वाईट लिहा, कुणी वाचत नाही, कुणी नंबर काढत नाही, ५०,००० ओलांडले की तुम्ही जिंकलात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात १९९९ साली क्रिस बेटी नावाच्या माणसाने २१ जणांना घेऊन हे सुरू केलं. पहिल्या वर्षी ते जुलैमध्ये केलं होतं आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नेलं, का तर तिकडे नोव्हेंबरात हवा खराब असते, लोक घरात बसून असतात, मग लिहून होतं. हे कारण मला चॅलेंज संपल्यावर कळलं आणि वाचून मी बराच वेळ त्यावर विचार करत बसले, कारण आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे काय असतं बघा ना. बाहेर छान थंडी पडायला लागलेली, बहुतेक वर्षी दिवाळी एक तर आत्ताच झालेली नाहीतर तोंडावर आलेली, तुळशीचं लग्न लागलं की लगेच लग्नसराई, पाहुणे, पत्रिका, आहेर. तिकडे वर्षातला सगळ्यात बंद महिना म्हणून निवडलेला तो आपला सगळ्यात उघडा महिना आहे.

तर २०२३. त्या वर्षी वसुबारस ९ तारखेला, लक्ष्मीपूजन १२ला रविवारी, पाडवा १४, भाऊबीज १५. म्हणजे चॅलेंजच्या बरोब्बर मधोमध दिवाळी. मला हे दिसत नव्हतं असं नाही, कॅलेंडर स्वयंपाकघरातच लावलंय, पण १ तारखेला उत्साह इतका होता की म्हटलं होईल, रोज १,६६७ शब्द तर लिहायचे. साइटवर नाव नोंदवलं, फुकट होतं, कादंबरीचं नाव टाकायचं, रोजचे शब्द भरायचे, मग ते एक आलेख दाखवतात, तुमची रेघ आणि असायला हवी ती रेघ. टप्पे पार केले की बॅज मिळतात. हे सगळं मला मनापासून आवडलं. लहानपणी वहीवर बाई चांदणी द्यायच्या तसलाच तो आनंद आहे आणि बेचाळिसाव्या वर्षीही तो तेवढाच खरा असतो. पहिले आठ दिवस मी ११,९०० शब्द लिहिले. व्हायला हवे होते १३,३३६, पण नोकरी करून तेवढं झालं म्हणजे मी खूश होते.

विषय माझ्या डोक्यात बरीच वर्षं होता. माझं माहेरही मिरजेतलंच, सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीच्या जवळ. येताजाता ते भोपळे टांगलेले बघतच मोठी झाले, शाळेतून येताना तंबोरा लावत असलेला आवाज, रंधा मारल्यावर लाकडाचा येणारा वास, हे सगळं एका घराच्या तीन पिढ्यांमधून लिहायचं होतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय टॅग मिळाला तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या, पण माझ्या मनात हे त्याच्या खूप आधीपासून होतं आणि एवढ्या वर्षांत कागदावर किती, तर दीड पान. हेच दीड पान दर दोन-तीन वर्षांनी काढून पुन्हा नीट करायचं आणि ठेवून द्यायचं. चॅलेंजने ते तोडलं. ५०,०००चा आकडा समोर असला की पहिलं वाक्य घासत बसायला वेळच नसतो, पुढे जावंच लागतं. माझ्यासारख्या लिहिलेलं परत परत पुसणाऱ्या बायकांसाठी या चॅलेंजचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, आणि तो मी पाचपैकी पाच देऊन सांगते.

मग ९ तारीख आली. अनारसे आमच्याकडे घरीच होतात, विकतचे सासूबाईंना चालत नाहीत, चकलीची भाजणी दळून आणायची, त्यात बँकेत दिवाळीआधीची गर्दी. ९ ते १५ या सात दिवसांत मिळून माझे १,८०० शब्द झाले, तेही बहुतेक रात्री साडेअकरानंतर पलंगावर मोबाइलवर टाइप केलेले. भाऊबीजेच्या दिवशी तर ओवाळणी चालू आणि टीव्हीवर वानखेडेची सेमीफायनल, कोहलीचं पन्नासावं शतक, शमीच्या सात विकेट्स, भाऊ हातात ताट धरून टीव्हीकडे बघतोय, त्या घरात कोण कादंबरी लिहिणार आणि का लिहावी. तो दिवस मला तसाच हवा होता. १६ तारखेला सकाळी हिशोब केला तर एकूण १३,७००, उरलेले ३६,३००, दिवस १५, म्हणजे रोज २,४२०. आलेखातली माझी रेघ आडवी झालेली आणि दुसरी रेघ वर निघून गेलेली. चांदण्यांचा आनंद खरा असतो तसंच त्या दोन रेघांमधलं अंतर बघून होणारं दुःखही खरं असतं, बॅज देणारं पान तेच असतं आणि तुम्ही मागे पडलाय हे रोज सांगणारं पानही तेच. १९ तारखेला फायनल हरलो त्या दिवशी एक शब्द लिहिला नाही. ३० तारखेला रात्री माझे ३१,२४० झाले होते.

आता शब्दांच्या आकड्याबद्दल सांगते, कारण हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं आणि मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. ५०,००० हा इंग्रजीचा आकडा आहे. आपली भाषा वेगळी चालते, आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. "घराच्या मागच्या अंगणातल्या विहिरीपाशी" हे आपले चार शब्द झाले, हेच इंग्रजीत लिहिलं की नऊ शब्द होतात, बोटांवर मोजून बघा. इंग्रजीवाली बाई नऊ मोजते तिथे आपण चार मोजतो, आणि लिहिलं दोघींनी तेवढंच. सगळीकडे असंच निम्म्याहून कमी होतं असं नाही, संवाद असले की फरक कमी पडतो, वर्णन असलं की जास्त, पण महिन्याभराचा विचार केला तर मराठीतले ५०,००० म्हणजे त्यांच्या ५०,०००पेक्षा पुष्कळ मोठं पुस्तक. यात नॅनोरायमोवाल्यांची काही चूक नाही, त्यांनी त्यांच्या भाषेचं माप काढलं. आपण आपलं काढायला हवं होतं, ते मी काढलं नाही. आणि एक वाईट गोष्ट यातून होते, शेवटच्या आठवड्यात आकडा वाढावा म्हणून मी "घरा पासून", "भोपळ्या मध्ये" असं तोडून लिहायला लागले होते. पुढे वाचताना ते इतकं खुपलं की सगळं बसून पुन्हा जोडलं. आकड्यासाठी स्वतःची भाषा मोडायला लागलो तर तो आकडा बदलायचा, एवढं मी तेव्हा ठरवलं.

मोबाइलवर बोलून टाइप करायचंही करून बघितलं, स्वयंपाक करताना बरं पडेल म्हणून. साध्या वाक्यांना चांगलं चालतं, पण माझ्या कादंबरीत पानापानावर "जवारी" शब्द, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून, दोरा घालून सूर उघडायचं काम, आणि फोन दर वेळी "ज्वारी" लिहायचा. "म्हाताऱ्याने ज्वारी काढली आणि तंबोरा बोलायला लागला." शेवटी दुरुस्त करण्यात बोलण्याइतकाच वेळ जायला लागला म्हणून सोडून दिलं. ज्यांचं लिखाण रोजच्या बोलण्यातलं आहे त्यांनी मात्र जरूर वापरून बघा.

२०२४चं थोडक्यात सांगते. पैसे भरलेला ग्रुप, नाव देत नाही, ४९९ रुपये, ३० दिवस, रोज सकाळी एक विषय यायचा आणि रात्री बाराच्या आत २०० शब्द लिहून ग्रुपवर टाकायचे. शंभरावर माणसं होती. विषय "पहिला पाऊस", "आईचे हात", "रेल्वे स्टेशन" असे. पहिल्या आठवड्यात मजा आली, लिहिलेलं लगेच कुणीतरी वाचतंय याची सवय नसलेल्याला ते खूप गोड वाटतं. पण रोज शंभर लेख कोण वाचणार, सगळे सगळ्यांना "अप्रतिम" आणि "खूप छान" लिहायचे, न वाचताच लिहितात हे दिसायचं, कारण एकदा माझ्याकडून अर्धाच लेख पेस्ट झाला, वाक्य मधेच तुटलेलं, तरी त्याखाली अकरा "अप्रतिम". जाहिरातीत तज्ज्ञांचा अभिप्राय मिळेल असं होतं, महिन्याभरात मला एकदाही मिळाला नाही, विचारल्यावर "लवकरच" असं उत्तर आलं. शेवटी सर्टिफिकेट मिळालं, त्यात नावाचं स्पेलिंग बरोबर होतं. २०० शब्द हे माप मात्र चांगलं होतं, रोज होण्यासारखं, ज्यांनी शाळेनंतर काहीच लिहिलेलं नाही त्यांना एवढ्यानेच सुरुवात करायला मी सांगेन, फक्त त्यासाठी ४९९ द्यायची गरज नाही. दुसरं म्हणजे रोज नवा विषय दिला की रोज तुम्ही तुमच्या गोष्टीपासून लांब जाता. तीस दिवसांत माझे तीस तुकडे झाले आणि सतारमेकर गल्ली होती तिथेच राहिली.

मार्च २०२५च्या शेवटी नॅनोरायमोची संस्था बंद होत असल्याचं जाहीर झालं. आधीची दोन-एक वर्षं तिथल्या वादांच्या बातम्या येत होत्या आणि पैशांची अडचणही त्यांनी सांगितली. मी तिथे एकच महिना होते तरी मला वाईट वाटलं. जगभरातल्या लाखो लोकांना एका महिन्यात लिहायला बसवायचं, तेही फी न घेता, हे छोटं काम नाही. आपल्याला तर ही कल्पना जवळची वाटायला हवी. का. र. मित्र यांनी १९०९ साली "मनोरंजन" मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लिहिणाऱ्यांचं एक चॅलेंज दर वर्षी चालूच आहे की, दिवाळीच्या आधी लिहून द्या. म्हणजे आपल्याकडे लिहायचे महिने पावसाळ्याचे, आणि दिवाळी आली की वाचायचं. आपल्या लेखकांनी हवा बघूनच वेळापत्रक बसवलं होतं, सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांनी त्यांची हवा बघून बसवलं.

हे डोक्यात होतं तरी २०२५मध्ये आम्ही नोव्हेंबरच धरला, कारण त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरमध्येच होऊन गेली होती आणि आमच्यातल्या एकीला त्याआधी वेळ नव्हता. मी, पुण्याची एक, बेळगावची एक, तिघी कॉलेजच्या. नियम चारच ठरवले. शब्द मोजायचे नाहीत, पानं मोजायची, हाताने लिहायचं. रोज चार पानं, बुडालेला दिवस भरून काढायचा नाही. लिहिलेलं एकमेकींना दाखवायचं नाही, सकाळी फक्त पानांचा आकडा पाठवायचा. मी माझं माप आधी काढून ठेवलं होतं, माझ्या अक्षरात लाँगबुकच्या एका ओळीत आठ शब्द बसतात, पानाला चोवीस ओळी, म्हणजे पान एकशेनव्वदच्या आसपास, चार पानं म्हणजे साडेसातशे. १,६६७च्या निम्म्याहून कमी. आधीच्या दोन्ही चॅलेंजच्या मधलं माप म्हणा.

३ नोव्हेंबर, सोमवारी सुरुवात. आदल्या रात्री महिलांनी वर्ल्डकप जिंकलेला, डीवाय पाटीलवर, मध्यरात्र उलटली तरी आम्ही सगळे टीव्हीसमोर, मुलगी सोफ्यावर उभी राहून ओरडत होती, सासूबाईसुद्धा जाग्या. आणि सकाळी पाच वीसचा अलार्म. उठले. डोळे जड होते पण मन असलं भरलेलं होतं की चार पानं सरळ झाली. नेहमीची जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा नाही, त्याच्या शेजारचं धान्याच्या कोठीचं झाकण, बसायला एक प्लास्टिकचं स्टूल. तिथे दिवा लावला तर कुणाची झोप मोडत नाही. पहिले चार-पाच दिवस सासूबाई उठून बघून जायच्या, मग एक दिवस म्हणाल्या, "अगं, कोठीवर थंडी लागते मांडीला, हे घाल," आणि त्यांची जुनी गोधडी आणून दिली. महिनाभर तिच्यात बसून लिहिलं.

नवव्या दिवशी गोष्ट संपली. म्हणजे मला माहीत असलेली गोष्ट संपली, पुढे कोण काय करणार काही सुचेना आणि चार पानं तर भरायची होती. २०२३ला असं झालं की मी घाईने काहीतरी घडवायचे, कुणाला तरी आजारी पाडायचे, कुणाचं तरी भांडण लावायचे, कारण १,६६७ला मधे थांबायची सोय नसते. या वेळी चारच पानं होती म्हणून म्हटलं घडवायचं काही नाही, फक्त दुकानात जाऊन बसू आणि दिसेल ते लिहू. मग लिहिलं, म्हातारा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवतोय. दोनदाच फिरवतो, थांबतो, तार परत जागेवर बसवतो, छेडतो. आवाज बसका. पुन्हा तार बाजूला, पुन्हा दोन हात. मग तारेखाली सुताचा दोरा घालतो आणि तो नखाने केसभर पुढे ढकलतो, केसभर मागे, आणि एका जागेवर तो दोरा आला की तार एकदम उघडते, नुसती वाजत नाही, तिच्यातून अजून दोन-तीन सूर निघून खोलीभर पसरतात, आणि म्हातारा मान वर न करता पुढची तार घेतो. चार पानं झाली तेव्हा सहा वाजून गेले होते, दूधवाला येऊन गेलेला कळलंच नाही. माझ्या सगळ्या कादंबरीत आत्ता जर कुठली पानं तशीच्या तशी ठेवण्यासारखी असतील तर ती हीच आहेत. ती मला सुचली नव्हती, रोज बसत होते म्हणून नवव्या दिवशी हातात आली.

त्यानंतर सगळे दिवस असे गेले नाहीत हेही सांगायला हवं. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास चार पानं भरायला एक तास लागला आणि सगळं नीरस झालं, वाचवत नाही. दोन दिवस कराडला लग्नाला गेले तेव्हा वही नेली होती पण उघडली नाही, एक दिवस अंगात ताप होता. बुडालेले दिवस भरून काढायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे परत आल्यावर साचलेल्या कामाचं ओझं नव्हतं, त्या दिवशीची चार पानं लिहिली की झालं. हा नियम मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. २ डिसेंबरला संपलं तेव्हा २७ दिवस भरले होते आणि १०८ पानं. बेळगावच्या मैत्रिणीची १२०, एकही दिवस चुकवला नाही तिने. पुण्याची बाराव्या दिवशी थांबली, वडील हॉस्पिटलमध्ये होते, तरी ती रोज सकाळी आमच्या आकड्यांना उत्तर पाठवायची.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, कुठलं घ्यावं. तुमच्याकडे एक मोठी गोष्ट बरीच वर्षं पडून असेल आणि तुम्ही तिचं पहिलं पानच घासत बसला असाल तर मोठ्या आकड्याचं चॅलेंज एकदा घ्या, संस्था नसली तरी ५०,०००चा नियम काही कुणाच्या मालकीचा नाही, वहीत आलेख काढता येतो. फक्त मराठीचं माप म्हणून तीस-पस्तीस हजार धरा आणि दिवाळी बघून महिना निवडा, श्रावण चांगला. २०२३ला हरले तरी ते ३१,२४० शब्द नसते तर २०२५ची १०८ पानं आली नसती, कारण माणसं आणि घर सगळं तिथेच तयार झालं. म्हणून त्याला पाचपैकी साडेतीन. पैसेवाल्या ग्रुपला दीड, तेही २०० शब्दांच्या मापासाठी. आणि आमच्या तिघींच्याला साडेचार. अर्धा कापला कारण लिहिलेलं कुणालाच दाखवायचं नाही हा नियम महिनाभर ठीक आहे, पण नंतर कुणाला तरी दाखवायलाच हवं आणि त्याची आम्ही काहीच सोय केली नव्हती. डिसेंबरभर ती वही तशीच कोठीवर पडून होती.

खर्च म्हणाल तर लाँगबुक आणि तीन बॉलपेन, शंभर-सव्वाशेत सगळं. हाताने लिहायची सवय गेली असेल तर पहिला आठवडा अंगठ्याच्या बुडाशी दुखतं, नंतर थांबतं. टाइप करायचं काम मात्र वेगळं राहतं हे धरून चाला, माझं आत्ता कुठे एकसष्टाव्या पानापर्यंत आलंय आणि रोज दोनच पानं होतात.

त्या नवव्या दिवसाच्या चार पानांवर मात्र मी अडकले आहे. कानस आधी की दोरा आधी, घोडी तारेखालून पूर्ण काढतात की जागेवरच घासतात, हे मी लहानपणी दारातून बघितलेलं आठवून लिहिलंय आणि माझी आठवण बरोबर आहे का ते मला माहीत नाही. या शनिवारी बँकेला सुट्टी आहे, ती पानं घेऊन गल्लीत जाणार आहे आणि दुकानातल्या काकांना वाचून दाखवणार आहे.